जेरबंद मानेचा डौल

मा. संपादक,
स. न.

उन्हाळी शिबिरांवरची तुमची पुरवणी येऊन महिना उलटला, तेव्हा हे पत्र म्हणजे वरातीमागून घोडंच. पण विषयही घोड्याचाच आहे, त्यामुळे चालवून घ्यावं. त्या पानावर पुण्यातल्या एका घोडेस्वारी शिबिराचा मोठा रंगीत फोटो होता. आठ-नऊ वर्षांची मुलगी, डोक्यावर हेल्मेट, चेहऱ्यावर मावत नाही एवढा आनंद. खाली पांढरा घोडा आणि त्याची मान अशी वळलेली की हनुवटी छातीला टेकायचीच बाकी. फोटोखाली ओळ होती, 'डौलदार मान, तोल छान'. मुलीबद्दल माझी काही तक्रार नाही, पोर झकास बसली होती. तक्रार मानेबद्दल आहे. फोटो भिंगाखाली धरलात तर घोड्याच्या पोटाखालच्या तंगापासून निघालेली एक वादी दिसेल. ती पुढच्या पायांमधून वर येते, लगामाच्या कडीतून ओवली जाते आणि परत स्वाराच्या हातात जाते. तिला ड्रॉ रेन्स म्हणतात. ती मान घोड्याने धरलेली नव्हती, त्या वादीने धरलेली होती.

गंमत म्हणजे या वादीच्या चुलतभावासाठी मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे आणि तो तुम्ही आठवड्याआड मथळ्यात छापता. 'जुन्नरमध्ये बिबट्या जेरबंद', 'दुचाकीचोर जेरबंद'. जेरबंद हा मुळात घोड्याच्या सामानातला पट्टा. तोही तंगापासून निघून पुढच्या पायांतून वर जातो आणि घोड्याला डोकं वर उधळू देत नाही. फारसीत जेर म्हणजे खाली. 'जेरीस आणणं'सुद्धा त्याच जेरमधलं. आजच्या रायडिंग स्कूलमधली मुलं त्याला मार्टिंगेल म्हणतात आणि बिबट्या जेरबंद होतो म्हणजे पिंजऱ्यात जातो असं समजतात. त्यांचंही चुकत नाही म्हणा. घोडं आपल्या रस्त्यांवरून गेलं, शब्द मागे राहिला. आता पुण्यात पुन्हा घोड्यावर बसणारी मुलं दिसायला लागली आहेत. हांगचौच्या आशियाई खेळांत 2023 मध्ये आपल्या चौघा पोरापोरींनी ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं, सांघिक सुवर्ण आणलं, तेही घोडेस्वारीतल्या सुवर्णांचा 1982 पासूनचा 41 वर्षांचा दुष्काळ संपवून. तेव्हापासून तर माझ्याकडे येणारे पालकही 'आमच्या आर्याला कुठे घालू' असं विचारतात. चांगलंच आहे. म्हणूनच हे लिहिते आहे.

माझ्याकडे म्हणजे माझ्या क्लिनिकमध्ये. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वानवडीत तीस वर्षं प्रॅक्टिस करते. मगरपट्ट्यातली आणि हिंजवडीतली कॉम्प्युटरपुढे वाकलेली तरुण मंडळी येतात, येताना ऑनलाइन मागवलेला पोश्चर बेल्ट शर्टाखाली बांधूनच येतात. "मॅडम, बघा, पाठ किती ताठ राहते." मी बेल्ट सोडायला सांगते. पाच मिनिटांत खांदे पुन्हा पुढे. पाठ ताठ राहते ती पाठीच्या आणि पोटाच्या स्नायूंनी. पट्टा ते काम स्वतःच करू लागला की स्नायू सुट्टीवर जातात. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा म्हणते. आणि हे म्हणणाऱ्या बाईने स्वतःच्या घोड्याच्या बाबतीत नेमकं उलट केलं. आता तेच सांगते.

माझा घोडा दगडू. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक इंग्रजी आहे, पण ते घेऊन कोणी हाक मारू शकत नाही. कुमैत रंगाचा, थरोब्रेड, पुण्याच्या नि मुंबईच्या ट्रॅकवर चार मोसम पळालेला. मग पुढच्या उजव्या पायाची शीर सुजली. पुण्याचा पावसाळी मोसम संपला की शर्यतीची घोडी महालक्ष्मीला रवाना होतात, त्या वर्षी जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. मी तेव्हा शेहेचाळीस वर्षांची, पाच वर्षं भाड्याच्या घोड्यांवर बसून स्वारी शिकलेली. यजमान म्हणाले, "गाडी घे त्यापेक्षा." घोडा घेतला.

शर्यतीचा घोडा स्वारीला आणणं म्हणजे नुसत्या धावपटूला भरतनाट्यम शिकवणं. त्याला एकच ठाऊक असतं, लगामावर भार टाकून मान लांब करायची आणि पळत सुटायचं. दगडूची मान जिराफासारखी वर, पाठ खोलगट, दुडकी अशी की माझे दात वाजायचे. ज्या क्लबात तेव्हा तो ठेवला होता तिथल्या प्रशिक्षकाने एका संध्याकाळी ड्रॉ रेन्स काढून दिल्या. "वीस मिनिटांत फरक बघा." खरंच वीस मिनिटांत मान खाली आली, वळली, तोंडाला फेस आला, आरशात पाहावं असा घोडा झाला. मैत्रिणीने फोटो काढला. आमच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला तर चाळीस अंगठे आले. मी तीन आठवडे रोज त्या वादीवर स्वारी केली.

यात घोडं कुठे पेंड खात होतं, ते मला दफेदारकाकांनी दाखवलं. काका फौजेच्या घोड्यांमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालेले, मूळचे फलटणकडचे, सकाळी येऊन दोन-तीन घोडी फिरवायचे. मला ते डॉक्टरीणबाई म्हणत. जुलैचा महिना, रात्री पाऊस पडून गेलेला, मैदानातली रेती ओली आणि दाताळ्याने नुकतीच सारखी केलेली. मी दुडकीवर एक फेरी मारून आले तर काका मैदानाच्या मध्यावर उकिडवे बसलेले.

"मान बघू नका बाई, माती बघा."

मी उतरले. त्यांनी काठीच्या टोकाने दोन ठशांभोवती गोल काढले. "ह्यो पुढच्या पायाचा. ह्यो त्याच बाजूचा मागचा. चैतात बघितल्याला तुमचा घोडा, मागचा खूर पुढच्याच्या म्होरं पडायचा, चार बोटं. आता घाला हात."

मी हात घातला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पूर्ण वीत. मागचा खूर पुढच्याच्या वीतभर मागे पडत होता. काकांनी पुढचे चार ठसे मोजले, सगळीकडे तेच.

"पुढचं दार लावलंय तुमी, आन् मागनं हाकताय. जनावरानं जावं कुठं?"

मी तिथेच दगडूच्या मानेवर हात फिरवला, पेशंटच्या फिरवते तसा. घोड्याच्या मानेत मणके सातच, तुमच्या-माझ्याइतकेच. वळायला हवी ती मान अगदी वर, कानांमागे. तिथलं टोक सगळ्यात उंच आणि नाक उभ्या रेषेच्या थोडंसं पुढे, ही बरोबर धरलेल्या मानेची साधी खूण. दगडूची मान कानांपासून वीतभर खाली मोडली होती, तिसऱ्या मणक्याच्या आसपास, बागेतल्या पाण्याच्या नळीला पीळ पडावा तशी. त्यामुळे सगळ्यात उंच जागा कानांमागे नसून मानेच्या मधोमध आली होती. मानेखालचा स्नायू, जो मऊ हवा, तो दोरखंडासारखा. जीन उतरवून पाठीच्या कडेने बोटं दाबत गेले तर तो पाठ खाली चोरून घ्यायचा. ओठाच्या कोपऱ्यात गुलाबी चरा. माझ्या टेबलावर असा माणूस झोपला असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "कुठला पट्टा वापरता?"

मग वादी त्याच दिवशी फेकून दिली असेल असं तुम्हाला वाटेल. नाही दिली. सप्टेंबरात क्लबात एक छोटी स्पर्धा होती, मला तो फोटोतला घोडा तिथे न्यायचा होता. (स्पर्धेत ड्रॉ रेन्स चालतच नाहीत, ड्रेसाजच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही त्यांना मनाई आहे. मी तोवर मान 'बसेल' अशा भरवशावर होते. बेल्टवाले पेशंटही हेच म्हणतात.) ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मैदान चिखलाने बंद होतं म्हणून त्याला बाहेर उताराच्या वाटेवर नेला, वादी तशीच हातात. एका ओल्या दगडावरून पुढचा पाय घसरला. घोडा अडखळला की पहिलं काय करतो, तर मान झटकन वर नि पुढे टाकतो, आपण हात पसरतो तसं. दगडूला मान टाकायला जागाच नव्हती. तो गुडघ्यांवर गेला, मी त्याच्या कानांवरून पुढे. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, त्याचे पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी लटकलेले असतात. मला ते हाड होतं. मोडलं.

सहा आठवडे हात गळ्यात. पेशंटना व्यायाम तोंडाने सांगायचे आणि संध्याकाळी तबेल्यात स्टुलावर बसून काकांचं ऐकायचं. पदवीच्या चार वर्षांत जेवढं कळलं नसेल तेवढं तेव्हा कळलं. उभ्या घोड्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. वर स्वार बसला की त्याची आणखी भर. सगळं शिक्षण म्हणजे तो भार थोडाथोडा मागच्या पायांवर न्यायचा. घोडा मागून ढकलतो, मागचे पाय पोटाखाली येतात, पाठ वर उचलली जाते आणि या सगळ्याच्या शेवटी मान आपोआप गोल होते. डोक्यामागून विदर्सपर्यंत, म्हणजे जिनाच्या पुढच्या उंचवट्यापर्यंत, मानेच्या वरच्या कडेने एक जाड लवचीक बंध असतो. घोड्याने मान पुढे आणि खाली लांबवली की तो बंध ताणला जातो आणि पाठ वर ओढतो. मान आत दुमडली तर यातलं काही घडत नाही. म्हणजे मानेची गोलाई हे उत्तर आहे आणि आपण गणित न करता उत्तर लिहून मोकळे होतो.

ड्रॉ रेन्सचं यंत्रशास्त्रही एकदा समजून घ्या. वादीचं एक टोक तंगाला पक्कं, मध्ये लगामाची कडी, दुसरं टोक हातात. ही सरकती कप्पी झाली. हाताने ओढाल त्याच्या जवळपास दुप्पट जोर घोड्याच्या तोंडात पोचतो. तिथे जिभेखाली नि हिरड्यांवर काय होत असेल ते दातांच्या डॉक्टरांना विचारा. जाणत्या हातात ती वादी सैल लोंबत असते, घोडा फारच उसळला तर क्षणभर लागते नि पुन्हा सैल. अशा हातांना तिची फारशी गरजच नसते, हा भाग वेगळा. आठ वर्षांच्या मुलीच्या हातात, जिचा तोल अजून लगामाला धरूनच राहतो, ती वादी देणं म्हणजे लहान मुलाला कुकरची शिट्टी काढायला सांगणं.

युक्ती नवी नाही. सतराव्या शतकातला न्यूकॅसलचा ड्यूक, विल्यम कॅव्हेंडिश, याच्या नावावर ती सांगतात, म्हणजे आपल्याकडे शिवकाल चालू असताना. तेव्हापासून मान खाली आणायच्या सामानाची भर पडतेच आहे. दोन बाजूंना बांधायच्या साइड रेन्स, कानांमागे दाब देणारा फ्रेंच शांबों, ब्राझीलच्या नेल्सन पेसोआ या नामांकित स्वाराच्या नावाचं, मांड्यांमागून दोर फिरवणारं, लंजिंगचं, म्हणजे लांब दोरीवर घोडा गोल फिरवण्याचं सामान. हे शेवटचं मी एकदा उसनं आणलं होतं. दगडूने मांडीमागचा दोर वळून पाहिला, एक लाथ झाडली, कडी तुटली, प्रयोग संपला. कडीचे पैसे भरले.

सामान वाईटच असतं असं मी म्हणत नाही. क्लिनिकमध्ये मीही पट्टे देते. मणका हलला असेल तर देते, किती दिवस ते कागदावर लिहून देते आणि काढायची तारीख आधी सांगते. हात बरा झाल्यावर काकांनी दगडूला लंजिंगच्या लांब दोरीवर साइड रेन्स लावल्याही. पण आधी दहा मिनिटं मोकळं चालवून, आणि लांबी एवढी की नाक उभ्या रेषेच्या पुढेच राहील. दोन्ही बाजूंना दहा-दहा मिनिटं फिरवायचं आणि चालीवर आणलं की लगेच सोडायच्या. घोड्याने थोडं दिलं की साइड रेन आपोआप सैल पडते, बक्षीस तिथल्या तिथे. हातात धरलेली वादी मात्र माणसाच्या मनासारखी. माणसाला सोडायचं सुचेलच असं नाही.

खरा फरक पाडला तो भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटातून टेम्पोत घालून आणलेल्या निलगिरीच्या सहा बल्ल्यांनी. घरातला उरलेला ऑइलपेंट देऊन त्या पांढऱ्या केल्या. जमिनीवर आडव्या मांडायच्या, चालीसाठी पावणेतीन फुटांवर, दुडकीसाठी साडेचार फुटांवर. घोड्यागणिक थोडंफार इकडेतिकडे, दगडूचं हे माप. पहिल्या दिवशी त्याने सहाच्या सहा उधळल्या. काका न बोलता पुन्हा मांडत राहिले. मग काही दिवस तीनच बल्ल्या, तेही नुसत्या चालीवर, लगाम लांब सोडून. बल्ली ओलांडायची तर घोड्याला खाली बघावं लागतं. खाली बघायचं तर मान स्वतःच्या मर्जीने पुढे आणि खाली जाते. पाय उचलायचा तर गुडघा आणि मागचा सांधा वाकवावा लागतो, पोटाचे स्नायू कामाला लागतात. म्हणजे मी पेशंटना जिना चढायला लावते तेच. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी बल्ल्यांवरून दुडकीत जाताना त्याची पाठ माझ्याखाली वर आली. गादीत हवा भरावी तशी, जिनातून कळली. मी काही केलं नव्हतं. दात वाजले नाहीत.

फेब्रुवारीत काकांनी पुन्हा रेती सारखी केली आणि ठसे मोजले. तीन बोटं पुढे. चौथं बोट कधी आलं नाही, पायाची जुनी शीर आहे.

हा सगळा सहा महिन्यांचा हिशेब झाला. वादीने तो वीस मिनिटांत झाल्यासारखा दिसतो आणि शिबिर असतं पंधरा दिवसांचं, हे मलाही समजतं. शिबिरवाल्यांना शेवटच्या दिवशी पालकांपुढे वळलेल्या मानेची घोडी फिरवायची असतात. पालकांनी तरी थोडं बघावं. घोड्याच्या नाकावरच्या पट्ट्याखाली तुमची दोन बोटं सहज जातात का, नाकाच्या हाडावर, बाजूला नाही. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने त्याला घेताच येत नाही. हा पट्टा किती आवळला जातो यावर जगभर एवढा वाद झाला की 2025 मध्ये घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तो तपासायला ठरावीक मापाचं साधन आणलं. हनुवटी जबरदस्तीने छातीकडे खेचण्याला तर त्याच महासंघाने 2010 मध्येच नकार दिला. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकआधी घोड्याच्या पायांवर चाबूक मारतानाचा जुना व्हिडिओ बाहेर आल्यावर शार्लट दुजार्डिन या ब्रिटनच्या एवढ्या मोठ्या ड्रेसाज स्वाराने माघार घेतली. तिकडे लोक आता विचारायला लागलेत. इकडे विचारलं की प्रशिक्षक म्हणतात, "मॅडम, तुम्हाला त्यातलं कळणार नाही." तुम्ही विचारा. ही वादी का, किती मिनिटं, कधी काढणार. तारीख सांगता येत नसेल तर पोरीला दुसरीकडे न्या.

वरातीतल्या घोड्याबद्दल लिहीत नाही, त्याला आख्खी पुरवणी लागेल. लक्ष्मी रस्त्यावर बँडच्या तालावर तोंड उघडून मान हलवणारी ती घोडी 'नाचते' असं आपण म्हणतो. असो.

दगडू आता एकोणीस वर्षांचा आहे. मीही पळत नाही, तोही नाही. काका फलटणला मुलाकडे असतात, दर दिवाळीला फोन करून आधी त्याची चौकशी करतात, मग माझी. सकाळी साडेसहाला आम्ही चाल करतो, बल्ल्यांवरून दोन फेऱ्या, बस. तुमच्या छायाचित्रकाराला जरूर पाठवा. पाऊस पडून गेलेल्या दिवशी पाठवा, रेती ओली असते. कॅमेऱ्याबरोबर टेप आणायला सांगा, आणि फोटो मानेचा नको, खाली वाकून ठशांचा काढायला सांगा.

आपली,
एक वाचक, वानवडी, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे, कृपया छापू नये.)